अर्ध्या सिनेमाचा गुणगौरव

दहावीच्या मुलांच्या गुणगौरव समारंभात 'प्रेरणादायी दोन शब्द' बोलायला हल्ली माणूस मिळत नाही. यंदा ठरलेले पाहुणे, एक निवृत्त मुख्याध्यापक, आदल्या रात्री घसा बसल्याने गळाले आणि सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने ती माळ माझ्या गळ्यात पडली. नेहमीची सामग्री माझ्याकडे होती: रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास, माधुकरी, अनवाणी शाळा. पण गेल्या वर्षी तिच्यावर मुलांनी उघडउघड जांभया दिल्या होत्या. शिवाय आमच्या रस्त्यावरचे दिवे लागत नाहीत.

म्हटलं, मुलांना त्यांच्या भाषेत सांगावं. त्याच आठवड्यात आमच्या लेकीने टीव्हीवर एक इंग्रजी सिनेमा लावला होता, 'द हंगर गेम्स: द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स'. २०२३ सालचा. मीही पाहिला, म्हणजे पाण्याच्या टँकरवाल्याशी फोनवर भांडता भांडता जेवढा पाहता येतो तेवढा. सुरुवातीचा युद्धाचा आणि उपासमारीचा प्रसंग 'निघालोय साहेब, नाक्यावर आहे' हे ऐकण्यात गेला. फोन ठेवून बसलो तेव्हा पडद्यावर एक सोनेरी केसांचा देखणा मुलगा सदरा घालत होता. बहिणीने, म्हणजे चुलतबहिणीने, जुन्या कापडातून तो शिवला होता. बटणं विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून न्हाणीघरातल्या फरशीचे तुकडे लावलेले. मला भरूनच आलं. वडील सेनापती होते, ते युद्धात गेले. आई नाही. आजी गच्चीवर गुलाब फुलवते आणि घराण्याचा तोरा सोडत नाही. बाहेर इस्त्रीचे कपडे, घरात खडखडाट. आणि मुलगा वर्गात पहिला, डोळा शिष्यवृत्तीवर. कोणत्याही मराठी माणसाने डोळे मिटून ओवाळावं असं पोरगं. नाव तेवढं अवघड: कोरिओलेनस स्नो.

पुढे शाळेत जाहीर झालं की यंदाची शिष्यवृत्ती मार्कांवर नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला एक-एक स्पर्धक मिळेल, त्याचा मेंटॉर व्हायचं. या मुलाच्या वाट्याला एक खेड्यातली मुलगी आली, रंगीत झग्यातली, गाणारी. निवेदक चकचकीत. मुलीच्या हातात गिटार, प्रेक्षक भारावलेले. असे कार्यक्रम आपल्याकडे दर शनिवार-रविवारी लागतात, त्यामुळे पुढचं मी ओळखलं. मधे तिने कोणाच्या तरी कपड्यात साप सोडलेला दिसला, तो मी विनोदी प्रसंगात धरला. स्पर्धेला प्रेक्षक उरलेले नाहीत, हे ओळखून मुलाने आयोजक बाईंना लेखी सूचना केल्या: लोकांना स्पर्धकांची ओळख करून द्या, त्यांना आवडत्या स्पर्धकासाठी भेटी पाठवू द्या. गणपतीची वर्गणी तीन मजल्यांवर अडकलेल्या सेक्रेटरीला हे ऐकून काय वाटलं असेल! इतक्यात खाली टँकर आला आणि मी उरलेला सिनेमा पाइप धरून उभा राहिलो.

भाषण मात्र रंगलं. 'परिस्थितीला शरण न जाता, आजीचा मान राखून, बहिणीच्या कष्टांची जाण ठेवून' असे शब्द माझ्या तोंडून घसरगुंडीवरून आल्यासारखे येत होते. पालक माना डोलावत होते. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तर सिनेमाचं नाव मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मुलं मात्र एकमेकांना कोपरं मारत होती. हा परिणाम मी वक्तृत्वाच्या खात्यावर जमा केला. शेवटी 'तुमच्यातून असे अनेक स्नो निघोत' म्हणालो आणि एका मुलीने हात वर केला.

"काका, तो व्हिलन आहे."

"सुरुवातीला सगळ्यांना तसंच म्हणतात, बाळ."

"नाही काका, तो पुढे राष्ट्राध्यक्ष होतो आणि दरवर्षी मुलांना मारायला लावतो. आणि ती गाण्याची स्पर्धा नाहीये. चोवीस मुलं आत सोडतात. एकमेकांना मारतात. एकच उरतं."

"आजच्या काळात," मी सावरत म्हणालो, "स्पर्धा तीव्र असतेच."

टाळ्या पडल्या. त्या कशाला होत्या, हे मी विचारलं नाही.

रात्री लेकीने माझा फोन कपाटात ठेवला आणि १५७ मिनिटांचा सिनेमा पहिल्यापासून दाखवला. ही मला आधी का म्हणाली नाही, असं विचारल्यावर तिचं उत्तर होतं, "तुम्ही इतके खुश दिसत होता बाबा." मूळ चार सिनेमे २०१२ ते २०१५ दरम्यान आले. त्यात डोनाल्ड सदरलंडने केलेला म्हातारा अध्यक्ष स्नो छातीला पांढरा गुलाब लावून माणसं संपवतो. हा सिनेमा त्याच्या चौसष्ट वर्षं आधीचा. माझी समजूत अगदीच काही हवेत नव्हती, एवढं मला समाधान मिळालं. मूळ लेखिका सुझन कॉलिन्स यांनीच सांगितलंय की टीव्हीचे चॅनेल बदलताना एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसत होती, ती डोक्यात एकमेकांत मिसळली आणि या मालिकेची कल्पना सुचली. माझ्याही डोक्यात मिसळली, फक्त युद्ध गळून पडलं.

खरी फजिती दुसऱ्यांदा पाहताना झाली. आता मला माहीत होतं की हा खलनायक आहे, तरीही मी त्याचं वकीलपत्र सोडेना. त्याने स्पर्धकाला चोरून उंदराचं विष दिलं. म्हटलं, बिचारी वाचली पाहिजे ना. प्रयोगशाळेतल्या सापांना तिचा वास ओळखीचा व्हावा म्हणून त्यांच्या पेटीत रुमाल टाकला. म्हटलं, डोकं बघा पोराचं! पकडला गेला, शिपाई म्हणून दूरच्या बाराव्या जिल्ह्यात गेला. म्हटलं, अन्याय आहे. मग त्याचा मित्र सेजॅनस मन मोकळं करायला त्याच्याकडे आला आणि माणसांचं बोलणं जसंच्या तसं टिपणाऱ्या जॅबरजे पक्ष्यांकरवी याने ते राजधानीत पोचवलं. मित्र फासावर गेला. तेव्हाही माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर आता याची बदली परत राजधानीत होईल! लेक माझ्याकडे बघत होती. मी पाणी प्यायला उठलो.

खलनायकांच्या बालपणावरचे सिनेमे बरेच निघतात. बहुतेकांत कोणीतरी त्याला छळलेलं असतं आणि दोन तासांनी आपण रुमाल काढतो. या सिनेमात ती सोय नाही. तीच उपासमार, तेच घर, तीच आजी त्या सदरा शिवणाऱ्या चुलतबहिणीच्या, टायग्रिसच्याही वाट्याला आली. ती सदरे शिवत राहिली, आणि मूळ मालिकेच्या शेवटी हीच टायग्रिस स्नोविरुद्धच्या बंडखोरांना आपल्या दुकानात लपवते. म्हणजे गरिबीवर खापर फोडायची वाटच दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्स यांनी बंद केली आहे. टॉम ब्लाइथ हा नट तर इतका सभ्य चेहऱ्याने वावरतो की त्याने आमच्याकडे मेंटेनन्स माफ करून मागितला असता तर मी कमिटीपुढे ठेवला असता. तिसरा भाग घाईचा झालाय, जंगलातला शेवट उरकलाय. पण व्हायोला डेव्हिसच्या डॉक्टर गॉलने ती उणीव भरून काढलीय. मी जिला 'आयोजक बाई' म्हणालो, ती हीच.

आणि शिक्षणाचं? सुटतो प्रश्न. गॉलबाई त्याला विद्यापीठात आपल्या हाताखाली घेतात. फासावर गेलेल्या मित्राचे आईवडील, ज्यांना काहीच माहीत नाही, ते त्यालाच वारस नेमतात.

पहिल्या रांगेत नाव टिपून घेणारे गृहस्थ परवा लिफ्टमध्ये भेटले. मी आधीच माफीची तयारी केली होती. ते म्हणाले, "आम्ही पूर्ण पाहिला, सहकुटुंब. अगदी बरोबर बोललात तुम्ही. पोराने शेवटपर्यंत फोकस सोडला नाही." त्यांचा मुलगा यंदा अकरावी सायन्सला आहे. तुमचं मूल त्याच्या वर्गात असेल, तर कृपा करून बजावून ठेवा: मनातलं काही त्याला सांगू नकोस.