गब्बर जरा गप्प बसला तर

नाशिक हे मूकपटांचं गाव. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरी. मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' दाखवून झाल्यावर १९१३ मध्येच बाडबिस्तारा गुंडाळून ते नाशकात आले आणि 'मोहिनी भस्मासुर'पासून पुढची बिनआवाजाची चित्रं त्यांनी इथे नाचवली. त्या शांततेचा वचपा काढायचा म्हणून की काय, इथल्या सिनेसंगीतप्रेमी मंडळींना बोलण्याची भयंकर हौस आहे. रविवारी सकाळी ही मंडळी मिसळीच्या टेबलावर जमली, की रस्सा गार होतो, पाव संपतात, मालक दोनदा टेबल पुसून जातो, पण ओ. पी. नय्यरांनी लताबाईंना का घेतलं नाही, हा विषय काही संपत नाही.

यातले एक काका मायको कंपनीतून निवृत्त झालेले, दुसरे नोटांच्या प्रेसमधून. या दुसऱ्यांनी आयुष्यभर नोटा छापल्या आणि निवृत्तीनंतर त्या तबकड्यांत घातल्या. स्वतःच्या नोटा, हे सांगितलेलं बरं. दोघांकडे मिळून इतक्या रेकॉर्डी आहेत, की सुनांना फ्रीज कुठे ठेवावा हा प्रश्न पडलाय. बुधवारी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, बाजार भरतो, तिथे कांदे-बटाटे लोकं घेतात. हे दोघे जुन्या भांड्यांच्या आणि मोडक्या रेडिओंच्या ढिगाशी उकिडवे बसून, कव्हराचा कोपरा नखाने खरवडत, 'मिंट आहे का?', म्हणजे कोरी करकरीत आहे का, असं विचारतात. विकणाऱ्याला मिंट म्हणजे चघळायची गोळी वाटते आणि तो 'पुढच्या टपरीवर बघा' म्हणतो.

संग्राहकाची श्रद्धा मात्र अढळ. एकाने मध्यंतरी छातीठोक सांगितलं, की 'आलमआरा'ची ओरिजिनल रेकॉर्ड धुळ्याकडच्या एका वाड्यात आहे, सौदा जवळजवळ झालाय. आता, १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेल्या या पहिल्या बोलपटाच्या गाण्यांच्या तबकड्या कधी निघाल्याच नाहीत. सिनेमाची प्रतही आज उरलेली नाही. हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं. तरी 'प्रेसिंग कुठलं?' एवढंच एकाने विचारलं.

त्यांच्या भांडणांनाही एक प्रतिष्ठा आहे. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीच्या एका बाजूला मावायची तीन-साडेतीन मिनिटं. त्यामुळे पडद्यावर असलेलं एखादं कडवं रेकॉर्डवर गळायचं. हे गळालेलं कडवं ज्याच्याकडे आहे त्याने पाय लांब करून बसावं, इतरांनी मांडी घालून. 'महल'च्या (१९४९) त्या सुप्रसिद्ध गाण्याच्या सुरुवातीच्या तबकडीवर गायिका म्हणून लताबाईंचं नाव नव्हतं, पडद्यावरच्या नायिकेचं, 'कामिनी', असं छापलं होतं. ती तबकडी ज्याच्याकडे आहे तो आता कुणाशी फारसा बोलतच नाही.

इथवर सगळं मजेचं. पण चाळीस वर्षं 'सिनेमाचं संगीत' जमवणाऱ्या या मंडळींकडे सिनेमातलं निम्म्याहून जास्त संगीत नाहीच, हे त्यांच्या गावी नाही.

हिशेब सोपा आहे. अडीच तासांच्या सिनेमात सहा गाणी, म्हणजे जेमतेम अर्धा तास. उरलेल्या दोन तासांत काय वाजतं? आई खोकली की सारंगी, तार आली की व्हायोलिनचा घोळका, खलनायक जिना उतरला की पितळी वाद्यं. ते कुणी रचलं, कुणी वाजवलं? मुंबईच्या स्टुडिओंत पडद्यावर रीळ फिरतंय, समोर नोटेशनचे कागद मांडून गोव्याहून आलेले वादक बसलेत, आणि नायिकेच्या डोळ्यांतून अश्रू नेमका कधी ओघळणार याकडे अरेंजरचा डोळा लागलाय, असं ते काम चालायचं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर नसते, तर हिंदी सिनेमाच्या व्हायोलिनांनी कुणासाठी रडायचं हेच ठरलं नसतं. त्यातल्या गोन्साल्विसांचं नाव लोकांना माहीत झालं ते 'अमर अकबर अँथनी'तल्या (१९७७) एका विनोदी गाण्यामुळे. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. गुरुदक्षिणा म्हणून अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर आला.

हे सगळं पार्श्वसंगीत तबकडीवर क्वचितच आलं. कंपन्यांना वाटलं, शब्दाशिवाय कोण घेणार? आणि जे कंपनीने विकलं नाही ते आमच्या संग्राहकाने मागितलंही नाही. तो स्वतःला चोखंदळ म्हणवतो, पण त्याचा चोखंदळपणा कंपनीच्या यादीबाहेर एक पाऊल टाकत नाही.

परवा त्या टेबलावर कुणाचा तरी भाचा आला होता. इंजिनिअरिंगचा पोरगा, कानात सदैव बोंडं. त्याला हान्स झिमरचं 'इंटरस्टेलर'मधलं ऑर्गन तोंडपाठ. शब्द नसलेलं संगीत लोक कसं ऐकतात, हा प्रश्नच त्याला पडत नाही. त्याने भाबडेपणाने विचारलं, "काका, 'शोले'चा बॅकग्राउंड स्कोअर आहे का तुमच्याकडे?"

"आहे की," मायकोवाले काका म्हणाले. घरी नेऊन त्यांनी अभिमानाने पॉलिडॉरची एलपी हातात ठेवली. संवादांची.

पोरगा चक्रावला. आपण का चक्रावत नाही, हा खरा प्रश्न आहे. १९७५ सालचा 'शोले'. आर. डी. बर्मनने त्यात काय करून ठेवलंय! शीर्षकाची ती घोडदौड. भानू गुप्तांनी वाजवलेला माऊथ ऑर्गन, जो ऐकू आला की वरच्या मजल्यावर दिवे मालवत जाणारी जया भादुरी दिसलीच पाहिजे. ठाकूरच्या अंगणातल्या झोपाळ्याची कुरकुर, आणि ती थांबल्यावरची शांतता. सिनेमा आधी पन्नास वेळा पाहिलेल्या माणसाच्या अंगावर आजही काटा येतो तो या आवाजांनी. आणि कंपनीने काय केलं? गाण्यांच्या रेकॉर्डीपाठोपाठ बाजारात आणले ते संवाद. ते तुफान खपले. पानाच्या टपरीपासून गणपतीच्या मांडवापर्यंत सगळीकडे गब्बर माणसं मोजत बसला.

दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, अमेरिकेत 'स्टार वॉर्स' आला. जॉन विल्यम्सच्या वाद्यवृंदाचा दोन तबकड्यांचा संच निघाला, त्यात एक शब्द नाही, आणि तोही लाखोंनी खपला. तिकडच्या लोकांनी रणशिंगं विकत घेतली, आपण 'कितने आदमी थे'. यात कमीजास्त करण्यासारखं काही नाही. सलीम-जावेदांचे संवाद विकत घेण्याच्याच लायकीचे होते.

पण पोराने एक गोष्ट पकडली. एलपी लावली, डोळे मिटले आणि पाचव्या मिनिटाला म्हणाला, "काका, मागे काहीतरी भारी वाजतंय." खरंच वाजत होतं. संवाद सिनेमाच्याच ध्वनिपट्टीवरून उचलले, त्यामुळे पार्श्वसंगीतही त्यांच्या मागून बिनतिकीट आलं. काकांनी ही रेकॉर्ड इतकी घासली होती, की सुई आपोआप 'अरे ओ सांबा'वर जाऊन बसते. पण मागचं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. मग दोघे कान लावून बसले. मधेच काका वैतागून म्हणाले, "हा गब्बर जरा गप्प बसला तर!" मराठी माणसाने गब्बरला गप्प बस म्हणण्याची ही पहिलीच वेळ असावी.

गाणी नसलेल्या सिनेमांचं तर विचारूच नका. 'कानून' (१९६०) आणि 'इत्तेफाक' (१९६९), दोन्ही बिनगाण्यांचे, दोन्हींना सलील चौधरींचं संगीत. गुलजारांचा 'अचानक' (१९७३), तोही बिनगाण्यांचा, संगीत आपल्या वसंत देसाईंचं. वसंतराव प्रभातमध्ये घडलेले, शांतारामबापूंच्या राजकमलचा कणा. कुठलंही दृश्य सुरांनी कसं उचलावं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मी प्रेसवाल्या काकांना विचारलं, "अचानकचं संगीत कसं वाटतं?" ते म्हणाले, "त्यात संगीत कुठाय? गाणीच नाहीत." वसंत देसाईंच्या तबकड्यांचा आख्खा कप्पा त्यांच्या पाठीमागे होता.

बरं, मराठी सिनेमाने या बाबतीत केव्हाच कान उपटून ठेवलेत. १९३७ हे साल बघा. फाळक्यांनी त्या वर्षी कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' केला, त्यांचा एकमेव बोलपट. मूकपटाच्या जनकाला अखेर आवाज सापडला, आणि नेमकं त्याच वर्षी पुण्यात प्रभातने 'कुंकू' काढून पार्श्वसंगीतच हद्दपार केलं! संगीतकार केशवराव भोळे हाताशी असताना शांतारामबापूंनी ठरवलं, की पडद्यावर जे वाजतंय, घड्याळ, भांडी, ग्रामोफोन, तेवढंच ऐकू येईल. जरठ-बाला विवाहाची गोष्ट सांगायला व्हायोलिनचा गहिवर लागत नाही, हे १९३७ मध्ये ज्यांना कळलं होतं, त्यांच्या नातवंडांच्या मालिकांत आज सासूने चहात साखर घातली तरी तीनदा 'ढँग' होतं आणि तीन वेगवेगळ्या चेहऱ्यांवर कॅमेरा आपटतो.

सरकारी आणि बिनसरकारी कौतुकाचंही तेच. फिल्मफेअरला पार्श्वसंगीतासाठी वेगळं पारितोषिक सुचलं १९९८ मध्ये. ते विजू शाह यांना 'गुप्त'साठी मिळालं. राष्ट्रीय पुरस्कारांत गाणी आणि पार्श्वसंगीत असे दोन भाग नेमाने होऊ लागले २००९ च्या चित्रपटांपासून, आणि पार्श्वसंगीताचा त्या वर्षीचा मान गेला 'पळस्सी राजा'साठी इलैयाराजांकडे. त्याआधी इतकी वर्षं वाजलेल्या त्या सगळ्या सुरांचं काय? ते बहुधा गाण्यांना लागलेलं मीठ समजून खाल्लं गेलं.

मल्टिप्लेक्समध्ये तर प्रेक्षक नामावली सुरू होताच उठतो. संगीतकाराचं नाव पडद्यावर येतं तेव्हा त्याच्यासमोर पाठ आणि पॉपकॉर्नचा रिकामा डबा असतो. मागून झाडूवाला येतो, तो मात्र शेवटचा सूर संपेपर्यंत थांबतो. पार्श्वसंगीताचा महाराष्ट्रातला सगळ्यात निष्ठावान श्रोता तोच. 'सैराट'च्या (२०१६) वेळी अजय-अतुल थेट लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत गेले आणि तिथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेऊन आले. करमाळ्याच्या शिवारात घडणाऱ्या प्रेमाला हॉलिवूडची व्हायोलिनं लागली! ऐकायला ती अप्रतिमच आहेत. पण आमच्याकडच्या मिरवणुकीत डीजेवाल्याने त्यातलं 'झिंगाट' तेवढं ठेवलं, आणि व्हायोलिनं बासच्या भिंतीखाली गाडली.

गंगापूर रोडच्या कॅफेंत आता तबकड्या भिंतीला टांगतात. सुटकेसएवढं प्लेअर, त्याला ब्लूटूथ. तबकडी फिरते ती सजावटीपुरती, गाणं मोबाइलवरून. प्रेसवाले काका तिथे एकदा गेले आणि भिंतीवरच्या एलपीला खिळा ठोकलेला बघून कॉफी न पिता परत आले. त्यानंतर मिसळीच्या टेबलावर दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली. त्या गटाच्या इतिहासातलं हे एकमेव मौन.

मूकपटसुद्धा मुके नव्हते, हे या गावाने तरी विसरू नये. पडद्याखाली बसून कुणी पेटी वाजवायचा, कुणी तबला. हनुमानाने लंका जाळली की तबलजीचा हात जलद पडायचा. आपल्या सिनेमाचे पहिले पार्श्वसंगीतकार तेच. त्यांच्यातल्या एकाचंही नाव टेबलावर कुणाला सांगता येत नाही. फाळक्यांची गोष्ट सांगणाऱ्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ला (२००९) आनंद मोडकांनी संगीत दिलं, ते तरी जमवलंय का, असं विचारलं तर "त्याची एलपी निघाली नाही" असं उत्तर येतं. एलपी निघाली नाही म्हणजे ते संगीत झालंच नाही.

आता भाच्याने नवीनच खूळ काढलंय. त्याला नाशिक ढोल जमवायचाय. आपण ज्याला मिरवणुकीतला गोंगाट म्हणून खिडक्या लावून घेतो, तो नाशिक ढोल याच नावाने केरळात धुमाकूळ घालतो. तिथल्या लग्नात, देवळांच्या नि चर्चच्या उत्सवांत, निवडणुकीच्या विजयात. पोराने मोबाइलवर शोधलं तर पानंच्या पानं मल्याळममध्ये उघडली. काकांच्या संग्रहात तो आहे का, अशी विचारणा झाली. नव्हता. चाळीस वर्षं मुंबई, कोलकाता, चेन्नईची प्रेसिंगं धुंडाळली, गल्लीतलं राहून गेलं.

मायकोवाल्या काकांच्या जिवाला ते लागलंय. मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते आणि थेट एर्नाकुलमला जाते, हे त्यांनी काढून ठेवलंय. काकूंनी एवढंच बजावलंय, की ढोलाची रेकॉर्ड मिळो न मिळो, मिरी आणि वेलची आणायची, आणि तीही मिंट असली पाहिजे.