हार लिहून ठेव

कोल्हापूरच्या प्रत्येक पेठेत हा गडी एक तरी सापडतोच. वय पंचविशीच्या पुढं, मनगटात कडं, मान तालमीत कमावलेली. परवाच त्यानं घरात जाहीर केलंय, "फुलांचं दुकान टाकतोय." वडील पेपरातून डोकं वर काढत नाहीत. याआधी चहाचा गाडा झाला, मोबाईलची कव्हरं झाली, दोन म्हशीही येऊन गेल्या. आई तेवढी खूष होते. देवीच्या गावात फूल पडून राहत नाही, हे तिचं गणित. आणि ते चुकीचंही नाही. अंबाबाईला रोज हार-वेणी, चैत्रात जोतिबाला दवणा, दसऱ्याला सायकलीपासून जेसीबीपर्यंत सगळ्यांना झेंडू.

पण याचं गणित मोठं असतं. तो आधी 'अभ्यास' करतो. म्हणजे मित्राची गाडी घेऊन जयसिंगपूरजवळ कोंडिग्रेला जातो, माळावरची पॉलिहाऊसं बघतो, आत उभा राहून सेल्फी काढतो. परत येताना ढाब्यावर लग्नपत्रिकेच्या पाठीमागं हिशेब सुरू होतो. दहा गुंठ्यांत जरबेराची सहा हजार रोपं. एका रोपाला वर्षाला इतकी फुलं, एका फुलाला इतके रुपये. तांबडा पांढरा संपेपर्यंत पत्रिकेवर जागा उरत नाही. या गुणाकारात लाल कोळी नसतो, लग्नाच्या मांडवात शिरलेली प्लास्टिकची फुलं नसतात आणि पितृपक्षही नसतो.

मग रानाचा विषय चुलत्याकडं जातो. चुलता ऐकून घेतो, तंबाखू मळतो आणि विचारतो, "ऊस मोडू? कारखाना बिल उशिरा दील, पण कोमेजत तरी न्हाई." पॉलिहाऊस तिथंच संपतं. उरतो एक गाळा, पाण्याच्या बादल्या आणि पाटी. पाटीवर अंबाबाई आणि 'फ्लॉवर्स' यांच्यामध्ये तालमीचंही नाव बसवायचा मित्रांचा आग्रह असतो. ते बसतं. 'बुके मिळतील' हे मग कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

मात्र पहाटे त्याला शिंगोशी मार्केटात बघावं. निशिगंध मुठीत धरून वजन सांगतो, झेंडू पाणी मारून जड केलाय का ते ढिगात हात घालून ओळखतो. दुकानात आला की जरबेराची दहाची गड्डी सोडतो. प्रत्येक फुलाला प्लास्टिकची टोपी असते, ती पाकळी न दुमडता काढायची असते. लाल मातीत समोरच्याची मान रगडणारी ही बोटं इथं श्वास रोखून काम करतात. देठाला तार गुंडाळताना जीभ दातांत धरलेली असते. अशा वेळी कुणी "काय पैलवान, बुके का?" म्हटलं, तर तो वर न बघता शिवी देतो, हळू आवाजात, फूल हलू नये म्हणून.

धंद्याची अडचण कलेत नाहीच. या माणसाला सगळं गाव ओळखतं, ही अडचण. परक्याला हार विकता येतो, पाहुण्याला फक्त देता येतो, आणि कोल्हापुरात परका आणायचा कुठनं? शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीची फुटबॉलची फायनल असली की विजयाचा हार हा गडी आदल्या रात्रीच ओवून ठेवतो. संघ हरतो. तो हार दुसऱ्या दिवशी बुलेटला घालतात, आणि पैशाचा विषय काढणं हे दुःखात मीठ चोळणं ठरतं.

त्यात भावी नगरसेवक. महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत शहराला आजी नगरसेवकच नव्हता. जागा ८१, आणि भावी किती ते डिजिटल बोर्ड मोजून बघावेत. प्रत्येकाचा वाढदिवस, प्रत्येकाला क्रेननं उचलायचा हार, वरनं जेसीबीतनं पाकळ्या. ऑर्डर फोनवर यायची, शेवटचं वाक्य ठरलेलं, "भावा, लिहून ठेव." भावानं लिहून ठेवलं. झेंडू मात्र त्याला मार्केटात रोखीनं घ्यावा लागे.

फेब्रुवारीत गुलाब महागतो, कारण मावळातला चांगला माल परदेशी जातो. हे तो गिऱ्हाइकाला समजावून सांगतो, आणि मग समोरचं पोरगं कॉलेजचं, खिसा चाचपणारं दिसलं की अर्ध्या दरात देतो. वर दोन कामिनीची पानं फुकट.

हल्ली दुपारी गल्ल्यावर आई बसते. पुढं पाटावर वेण्या, गजरे, ओटीचं सामान. भाव एकच, व्यवहार रोख. गाळ्याचं भाडं त्या पाटावरनं निघतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. परवा एक पडलेला उमेदवार आला, म्हणजे पुन्हा भावी झालेला. मोठा हार खांद्यावर टाकून म्हणाला, "काकी, लिहून ठेवा."

"वही त्याच्याकडं असती रं बाळा," आई म्हणाली, "माझ्याकडं डबाच हाय."

त्यानं डब्याकडं बघितलं, हाराकडं बघितलं, आणि एक गजरा घेतला.