खोकल्यासकट

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. गेल्या वर्षी पर्ल जॅम नावाच्या बँडचा कार्यक्रम ऐकायला तो गाडी चालवत पाच तास गेला, अडीच तास उभ्याने ऐकला, पाच तास परत आला आणि थोड्या दिवसांनी त्याच कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण त्याने पैसे मोजून विकत घेतलं. हे सगळं तो व्हिडिओ कॉलवर मोठ्या कौतुकाने सांगत होता.

"अरे, पण तू स्वतः होतास ना तिथे?" मी विचारलं.

"होतो ना मामा. म्हणून तर घेतलं."

लग्नात पंगतीला आडवा हात मारून यायचं आणि आठवड्याने त्याच आचाऱ्याकडून त्याच पंगतीचा डबा विकत आणायचा, असा हा व्यवहार. तसं मी म्हणालोही. त्यावर आतून आवाज आला, "माळ्यावरची दोन खोकी आधी खाली काढा, मग बोला."

ती दोन खोकी कॅसेटींची आहेत. गावोगावच्या मैफलींच्या, बहुतेक मी चोरून केलेल्या, काही इतरांनी चोरून केलेल्या आणि मी त्यांच्याकडून चोरलेल्या. तेव्हा विषय तिथेच संपायला हवा होता. पण भाच्याने घेतलेली वस्तू चोरीची नव्हती, खुद्द बँडने काढलेली होती, आणि हे मला नवीन होतं.

झालं होतं असं. हा बँड जिथे जाईल तिथे कुणीतरी खिशात यंत्र लपवून येई आणि मग भिकार आवाजाच्या सीडी अव्वाच्या सव्वा किमतीला विकल्या जात. २००० साली बँडने ठरवलं की हा धंदा आपणच का करू नये? युरोप आणि अमेरिकेच्या त्या दौऱ्यातले ७२ कार्यक्रम त्यांनी साध्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात, स्वस्तात विकायला काढले. बहुतेक रात्रींच्या दोन-दोन सीडी. पहिल्या हप्त्यातल्या पाच रात्री एकदमच बिलबोर्डच्या सर्वाधिक खपाच्या २०० च्या यादीत जाऊन बसल्या. माणसं तीच, गाणी बरीचशी तीच, आणि तरीही लोक एक ऐकून थांबेनात.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. नाटकाच्या खेळाला आपण 'प्रयोग' म्हणतो ते उगीच नाही. शिवाजी मंदिरच्या प्रयोगात पिकलेला हशा सांगलीला पिकेलच असं नाही, आणि सांगलीला नटाच्या हातून कप फुटून जी गंमत झाली ती शिवाजी मंदिरच्या नशिबी नसते. पु. लं.च्या कथाकथनाच्या कॅसेटी ज्यांनी झिजवल्या त्यांना विनोदांइतकेच हशेही पाठ आहेत. अमुक वाक्यानंतर एक बाई बाकीच्यांच्या आधी हसते, हे मला अजून आठवतं. त्या बाईंना मी कधी पाहिलेलं नाही, पण त्या नसत्या तर कॅसेट अधुरी वाटली असती.

या सगळ्या प्रकरणातले मूळपुरुष म्हणजे ग्रेटफुल डेड. कॅलिफोर्नियातला हा बँड १९६५ पासून १९९५ पर्यंत, त्यांचा गिटारवादक जेरी गार्सिया जाईपर्यंत, वाजवत राहिला. कार्यक्रम सुमारे २,३०० झाले. आज काय वाजणार हे बँडला पुरतं ठाऊक नसायचं, तर श्रोत्यांना कुठून असणार? एखादं गाणं दहा मिनिटांत आटपेल किंवा अर्धा तास वाहत जाईल. बड्या ख्यालाची सवय असलेल्याला यात काही वावगं वाटणार नाही. त्यामुळे यांचे भक्त टेप घेऊन येऊ लागले, आणि बँडने त्यांना हाकललं नाही. आपलं वाजवून झालं, आता ते लोकांचं, असा गार्सियाचा एकूण भाव. अडचण निराळीच झाली. मायक्रोफोन लावलेल्या काठ्यांचं असं रान माजलं की ध्वनी सांभाळणाऱ्या माणसालाच रंगमंच दिसेना. तेव्हा १९८४ साली बँडने या टेपवाल्यांसाठी त्याच्या पाठीमागे वेगळी जागाच काढून दिली. तिचं तिकीटही वेगळं.

हे वाचलं तेव्हा मला माझी शबनम आठवली. आत रुमालात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर, वरून 'केसरी'ची घडी, आणि लाल दिवा दिसू नये म्हणून त्यावर चिकटवलेला बँडेडचा तुकडा. मैफलभर मी मांडीवर हात ठेवून असा बसायचो की शेजारच्याला वाटे, याचं पोट दुखतंय. मला कुणी सतरंजीचा एक कोपरा काढून दिला असता, तर मी त्या यजमानांना जन्मभर दुवा दिला असता.

ग्रेटफुल डेडच्या भक्तांचा एकच कायदा होता: देवाणघेवाण करा, विकू नका. कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपाल पाठवायचं, पलीकडचा अनोळखी माणूस कॉपी करून धाडायचा. कॉपीची कॉपी, तिची कॉपी. दर पिढीला खरखर वाढत जायची आणि गाणं मागे सरकायचं. आपल्याकडेही हेच चालायचं, फक्त आपला स्वभाव त्यात मिसळून. मूळ कॅसेट कुणाकडे आहे हे कुणी सांगायचं नाही. 'आमच्याकडे आहे' एवढंच सांगायचं आणि चहा विचारायचा. एका थोर संग्राहकांनी सहा महिन्यांच्या मिनतवारीनंतर मला एका मैफलीची कॉपी दिली. घरी येऊन लावली, तर दर दहा मिनिटांनी त्यांचा स्वतःचा धीरगंभीर आवाज: हे ध्वनिमुद्रण अमुक यांच्या संग्रहातून. एकदा तर ते बरोब्बर समेवर आले. लयीला पक्के होते, हे मात्र मान्य करायला हवं.

डेडच्या टेपांमध्ये एक रात्र देवासारखी पुजली जाते. ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी मे महिन्यात बर्फ पडलं होतं, आणि आत या मंडळींना सूर सापडला होता. बँडच्याच ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांनी ती रात्र टिपली. पुढे त्यांच्यावर वाईट दिवस आले, टेपा ठेवलेल्या गोदामाचं भाडं थकलं आणि १९८६ मध्ये त्या पेट्यांचा लिलाव झाला. जुन्या वाड्यातल्या तांब्याच्या भांड्यांसारखं ते संगीत उचललं गेलं. पण कॉपीच्या कॉपीने ती रात्र अमेरिकाभर पोचलीच. अमेरिकेच्या संसदीय ग्रंथालयाने जपण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत तिचा समावेशही केला, आणि ती अधिकृतपणे विक्रीला आली २०१७ साली, चाळीस वर्षांनी. बारसं व्हायच्या आत मुलगा आजोबा झाला.

तेव्हा दौऱ्यावरच्या बँडने आपल्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं स्वतः काढावीत का, असं मला विचाराल तर काढावीत. न काढली तरी ती निघतातच, आणि वाईट निघतात. बॉब डिलनचा १९६६ मधला एक गाजलेला कार्यक्रम वर्षानुवर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचा म्हणून चोरून विकला गेला. प्रत्यक्षात तो मँचेस्टरचा होता. १९९८ साली तो अधिकृतपणे निघाला तेव्हाही नावात 'रॉयल अल्बर्ट हॉल' राहिलंच, फक्त अवतरणचिन्हांत. चोरांनी ठेवलेलं नाव आईबापांना पुसता आलं नाही. डिलनने विजेची गिटार हाती घेतली म्हणून त्या रात्री श्रोत्यांतून एकजण 'जूडास!' असं ओरडला होता. म्हणजे येशूचा घात करणारा शिष्य. ती शिवी त्या ध्वनिमुद्रणाचा इतका भाग झाली आहे की ती काढली तर लोक पैसे परत मागतील.

पण गाणाऱ्याचीही एक बाजू आहे, आणि इथे माझी शबनम जरा ओशाळते. अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं ध्वनिमुद्रिकेवर नाही. त्यांच्या शिष्या, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांनी ध्वनिमुद्रिका दिल्या, आणि त्यांतली साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. ज्या गाण्याला मैफलीत तास लागायचा ते साडेतीन मिनिटांत बसवून दिलेलं. पण तिथे निदान खोकणारं कुणी नाही. कलावंताला आपली पडलेली रात्र विसरली जावी असं वाटलं तर त्यात चूक काय? घसा बसलेला असतो, तंबोरा उतरलेला असतो, प्रवासात खाल्लेली मिसळ आत बंदिश आळवत असते. ती रात्र तीनशे जणांबरोबर मरून जाते, हा मैफलीचा मोठा आधार होता. पुठ्ठ्याच्या वेष्टनात बाहत्तर रात्री निघाल्या की पडायला जागाच उरत नाही. आणि काही रात्री निघूच नयेत. त्याच २००० च्या दौऱ्यात ३० जूनला डेन्मार्कमधल्या रॉस्किल्डच्या महोत्सवात पर्ल जॅम वाजवत असताना पुढच्या गर्दीत चेंगरून ९ श्रोते गेले. त्या ७२ मध्ये ती रात्र नाही.

किंग क्रिमझन या बँडच्या रॉबर्ट फ्रिपला श्रोत्यांनी फोटो काढलेले, ध्वनिमुद्रण केलेलं खपत नसे. याच बँडने १९९८ पासून वर्गणीदार मंडळासाठी आपल्या जुन्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं काढली. यात विसंगती आहे असं मला आधी वाटलं होतं. पण आपल्या घरचं लोणचं पाहुण्याने बरणीत हात घालून घेणं वेगळं आणि आपण वाढणं वेगळं, हे कुठल्याही गृहिणीला विचारावं.

माझा खरा आक्षेप आहे तो इस्त्रीवर. कलावंताच्या हाती प्रत गेली की त्याला ती नीटनेटकी करायचा मोह होतो. किस या बँडच्या १९७५ च्या 'अलाइव्ह!' या थेट कार्यक्रमाच्या म्हणून गाजलेल्या तबकड्यांमध्ये बरीच दुरुस्ती मागाहून स्टुडिओत केली होती, असं निर्मात्यानेच पुढे सांगितलं. थेट म्हणून विकायचं आणि मागाहून रफू करायचं! याची झळ मला स्वतःला लागली आहे.

माझ्या खोक्यात १९८७ सालची एक नव्वद मिनिटांची टीडीके कॅसेट आहे. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातली मैफल, गायक मोठे, राग यमन. पहिली बाजू संपत आली असताना बुवा द्रुतात एक तान घेतात. ती वर चढते, चढते, कुणीतरी मोठ्याने खोकतं आणि कटाक्. बाजू संपली. शबनममध्ये हात घालून आंधळेपणाने कॅसेट उलटायला मला वीसएक सेकंद लागली असतील. दुसरी बाजू सुरू होते ती थेट मुखड्याच्या मधूनच.

ही कॅसेट आमच्या घरात इतकी वाजली की बंदिश सगळ्यांना भोकासकट पाठ झाली. सौ. कामं करताना ती गुणगुणते तेव्हा तान वर गेली की थांबते, कॅसेट उलटण्याएवढी, आणि मग पुढे गाते. मुलगी गाणं शिकायला जाऊ लागली तेव्हा तिच्या बाईंनी विचारलं, "ही जागा कुणाकडून उचललीस?" राहिला खोकला, तर तो पुढच्या रांगेतल्या एका उपरणंवाल्यांचा, असं मी ठाम धरलं होतं. पुढे पुढे ऐकताना शंका येऊ लागली. इतक्या जवळून ऐकू येणारा खोकला टेपरेकॉर्डरच्या मालकाखेरीज कुणाचा असणार?

आणि त्या वीस सेकंदांबद्दल मी तीस वर्षं लोकांना सांगत आलो होतो. त्या तानेनंतर बुवांनी जे केलं ते पुन्हा कुणाला जमायचं नाही. मी समोर होतो. समोर होतो हे खरंच, पण सगळं लक्ष अंगठ्याखालच्या बटणात होतं, हे कधी सांगितलं नाही.

काही वर्षांपूर्वी ती मैफल रीतसर निघाली. यजमानांकडे मोठ्या स्पूलवर अख्खी होती. मी पहिल्याच दिवशी सीडी आणली. हात धुऊन, डोळे मिटून बसलो. तान वर चढली, वरच्या षड्जाला जाऊन टेकली आणि शाळा सुटल्यावर शहाणं मूल घरी येतं तशी सरळ, पायरी पायरीने खाली उतरली. मग बुवा म्हणाले, "तो पंखा जरा बारीक करा." आणि मुखडा घेतला. वीस सेकंदांत एवढंच.

खोकला नव्हता. साफसफाईत काढून टाकला होता. त्या मैफलीला मी हजर होतो याचा तेवढा एकच पुरावा होता.

मी भाच्याला हे सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मामा, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्या गाण्याच्या शेवटी डावीकडून एकजण शिट्टी मारतो. तो मी आहे. म्हणून तर घेतलं म्हटलं ना." त्याने मला तेवढा तुकडा ऐकवला. शिट्ट्या पन्नास तरी असाव्यात. त्यांतली त्याची कुठली ते मला कळलं नाही, पण मी "हो, हो, कळली" म्हटलं.

आता घरात पूर्ण मैफल आहे, तरी परवा सौ. कुकरपाशी उभी राहून यमन गुणगुणत होती. तान वर गेली, थांबली. तेवढ्यात मी खोकून घेतलं.