संस्थेचे संकेतस्थळ विश्वासार्ह दिसावे यासाठी काही नियम

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत उभारलेले पहिले संकेतस्थळ १९९१ मध्ये जगासाठी खुले झाले, तेव्हा त्यावर केवळ मजकूर आणि दुवे, म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे शब्द, एवढेच होते; अध्यक्षांचे छायाचित्र नव्हते. ही उणीव महाराष्ट्रातील नोंदणीकृत संस्थांनी पुढे भरून काढली. नव्या कार्यवाहांसाठी नियम पुढीलप्रमाणे:

१. मुखपृष्ठावर अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष आणि ज्यांना कोणतेच पद देता आले नाही ते 'मार्गदर्शक' यांची छायाचित्रे आपोआप सरकती ठेवावीत. त्यामुळे मजकुरासाठी जागा उरत नाही आणि शुद्धलेखनाचा प्रश्नही सुटतो.

२. 'नवीन' हे लुकलुकते चिन्ह एकदा लावल्यावर काढू नये.

३. सूचनेत तारीख घालू नये. 'येत्या रविवारी सर्वसाधारण सभा' असे लिहिल्यास, रविवार दर आठवड्यास येत असल्याने, ती सूचना कधीही शिळी होत नाही आणि सभेस कोणी न आल्यास दोष सभासदांवर ढकलता येतो.

४. पत्त्याच्या पट्टीतील कुलूप प्रामाणिकपणाचा दाखला म्हणून मिरवावे. वास्तविक वाचक आणि संकेतस्थळ यांच्यातील देवाणघेवाण वाटेत कोणास वाचता येत नाही, एवढेच ते सांगते; पलीकडे बसलेला सज्जन की भामटा, हे सांगत नाही. या गैरसमजापायीच गूगलने २०२३ मध्ये क्रोममधील ते चिन्ह बदलले, परंतु ही गोष्ट सभेत काढू नये.

५. दूरध्वनी क्रमांक द्यावा. उचलण्याचे बंधन नाही.

वाचकाला हवे असते ते अर्जाची अंतिम मुदत, शुल्क आणि उत्तर देणारा माणूस. यात अवघड ते काय?

याउलट, गुलाबी पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे असलेले एखादे ओबडधोबड संकेतस्थळ असते, ज्यावर कोणी निगुतीचा लिपिक प्रत्येक सूचनेखाली दिनांक घालतो आणि शासन निर्णयाचा उल्लेख आल्यास त्याचा संकेतांक, म्हणजे निर्णयावर छापलेला ओळख-क्रमांक, न चुकता देतो. त्या क्रमांकावरून शासनाच्या संकेतस्थळावर मूळ प्रत काढून मजकूर ताडून पाहता येतो. ज्याचे खोटे पकडता येईल अशी सोय ज्याने स्वतःच करून ठेवली, त्याच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नसते. डोळ्यांना होणारा त्रास सोसावा.

कार्यवाहांनी बाकीचे नियम खुशाल पाळावेत, मात्र प्रत्येक सूचनेखाली तारीख आणि ती देणाऱ्याचे नाव लिहावे, ही विनंती.