पीठ आणि डांबर

माझ्या फोटोंना 'टोन' असतो, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. लोक भले असतात, मान डोलावतात. एकदा शेजारच्या काकांनी मान डोलावता डोलावता विचारलं, "धुकं कुठलं म्हणायचं हे? महाबळेश्वरचं?"

फोटो आमच्या गच्चीचा होता. मे महिन्यातला. दुपारी बाराचा.

त्या दिवशी मी मनाशी कबूल केलं, की आपल्याकडे टोन नाही, कॉन्ट्रास्ट नाही, नुसती राख आहे. मग नेहमीप्रमाणे आरोपी शोधायला निघालो. आधी फिल्मवर आळ घेतला, मग नळाच्या पाण्यावर, मग डार्करूम केलेल्या बाथरूममधल्या फिनेलवर. फिनेलवर घेतल्यावर बायको म्हणाली, "बाथरूम सोड, म्हणजे फिनेल निर्दोष सुटेल."

खरा आरोपी माझं बोट निघालं. फिल्म ज्यात धुतात तो डी-७६ डेव्हलपर १९२७ सालापासून लोक वापरताहेत, आणि तो २० अंशांवर वापरावा हे जगजाहीर आहे. उन्हाळ्यात आमच्या नळाला येतं ते पाणी चहाच्या तयारीचं असतं, म्हणून बर्फ आलाच. पण थर्मामीटर? तो नवशिक्यांनी वापरावा. मी बोट बुडवून तापमान सांगत असे. शेवटी गुपचूप थर्मामीटर आणला, तेव्हा माझ्या बोटाचे २० अंश प्रत्यक्षात १५ भरले. आता डी-७६मध्ये दोन कामकरी असतात, मेटॉल आणि हायड्रोक्विनोन. मेटॉल थंडीतही थोडेफार हातपाय हलवतं. हायड्रोक्विनोन पांघरूण ओढून पडून राहतं. निगेटिव्ह पातळ होणार नाही तर काय? वर मेटॉलनं बोटाला खाज सुटली, तिला मी इतके दिवस कलेची खाज समजत होतो.

कागदाची ग्रेड वाढवून प्रिंटमध्ये कॉन्ट्रास्ट आणता येतो, नाही असं नाही. पण ते म्हणजे आमटी अळणी झाली म्हणून ताटात वरून मीठ घेणं. मला आमटीच चांगली हवी होती.

मग मी सूड उगवला. आईला पांढरी साडी नेसायला लावून गॅलरीत बसवलं. "मी काय नर्स आहे?" असं ती म्हणाली, पण बसली. एचपी-५ फिल्म, डेव्हलपर एकास एक पाणी घालून. वेळ ११ मिनिटांची सांगितलेली, मी १५ दिली. फिल्म धुवायची बंद टाकी अधूनमधून उलटीसुलटी करायची असते, ती मी ताक घुसळावं तशी घुसळली. आणि मिळाला की कॉन्ट्रास्ट! साडी अशी पेटली की एक चुणी दिसेना. चेहऱ्याच्या जागी काळोख, आणि त्या काळोखात दोन मोत्यांच्या कुड्या अधांतरी.

आईनं प्रिंट बराच वेळ पाहिला. मग उठली आणि कपाटातून एक फोटो घेऊन आली. १९७२चा. स्थळांना पाठवायला काढलेला.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण त्या फोटोवरची कारागिरी पाहून मी आईला विसरलो. जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल चालवत. उतरत्या चौकटीत दुधी काच, खाली खिडकीचा उजेड वर फेकणारा आरसा. निगेटिव्हवर पेन्सिल धरावी म्हणून आधी एक चिकटसर द्रव चोळायचा. पेन्सिलीचं टोक सँडपेपरवर सुईसारखं करायचं आणि गालांवर, कपाळावर, डोळ्यांखाली बारीक बारीक स्वल्पविराम टाकत बसायचं. गंमत अशी, की निगेटिव्हमध्ये जे काळं ते प्रिंटमध्ये पांढरं. म्हणजे मुलीला गोरं करायचं ते काळ्या शिसपेन्सिलीनं! देवीचे व्रण, मुरुम, काळी वर्तुळं आणि खुद्द मुलगी, सगळं त्या स्वल्पविरामांखाली जाई. निगेटिव्ह मोठी असे म्हणून हे जमे. माझ्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आईचा चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. तिथे पेन्सिल नेली तर स्वल्पविरामाचा पूर्णविराम व्हायचा. मी आईला म्हटलं, "काय हात होता गं त्या माणसाचा!"

"हात त्याचा होता, बोलणी मला बसली," आई म्हणाली. "लग्नानंतर उंबरा ओलांडला, आणि वन्सं सगळ्यांदेखत म्हणाल्या, फोटोत उजळ दिसत होती." तिनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. "त्यानं मला पिठात घातलं, तू डांबरात घातलंस. मी आहे तशी कुणी काढलीच नाही."

ती चिडून बोलली असती तर मला काहीतरी विनोद सुचला असता.

रात्री मी चूक शोधायला बसलो. कॅमेऱ्यातल्या मीटरला समोरचं सगळं जग सरासरी १८ टक्के करडं वाटतं. साडीचा पांढरा झोत पाहून तो बिचकला आणि त्यानं उजेड कमी घेतला. त्यात आईचा चेहरा बुडाला. सावलीतलं जे असतं त्याचं नशीब बटण दाबतानाच ठरतं. तिथे जे उमटलं नाही, ते नंतर टाकीत कितीही घुसळा, येत नाही. टाकीत ठरतं ते फक्त उजळ भागाचं. म्हणजे मीटरला साडी दिसली, स्टुडिओवाल्याला स्थळं दिसली आणि मला कॉन्ट्रास्ट दिसला. समोर बसलेली बाई तिघांनाही दिसली नाही.

दुसऱ्या रविवारी साडी तिच्या पसंतीची, तरी तिनं पांढरीच नेसली. बहुधा मला परीक्षेला बसवायला. मी कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ नेऊन मीटर वाचला. ती सावळी आहे, करडी नाही, म्हणून त्याहून एक स्टॉप कमी, म्हणजे निम्माच उजेड, ठेवला. साडी पेटू नये म्हणून ११ मिनिटांची ९ केली. वर्षभर ज्या कॉन्ट्रास्टसाठी जिवाचं रान केलं, तो हातानं कमी केला. टाकी लेकराला जोजवावं तशी हलवली. बोट खिशात ठेवलं.

प्रिंटमध्ये साडीच्या चुण्या आल्या. कपाळावरची आठी आली, हनुवटीवरचं गोंदण आलं, आणि या सगळ्याखाली तिचा रंग, जसा आहे तसा. मी टोनबद्दल बोलायला तोंड उघडलं, पण आईनं आधीच प्रिंट खिडकीशी नेला होता.

"मोबाइलवर याचा फोटो काढ," ती म्हणाली, "आणि वन्संना पाठव. खाली लिही, आता फोटोत दिसते तशीच आहे."