जव्हार कसे पाहावे : नवशिक्या वसईकरांसाठी प्रवेशिका

ही पुस्तिका कोणासाठी?

सांडोर, पापडी, गिरीज आणि आसपासच्या ज्या नागरिकांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा चढ वसई रोड स्टेशनचा पादचारी पूल आहे, त्यांच्यासाठी. आपला मुलूख इतका सपाट की पावसाचे पाणीसुद्धा कुठे जावे या विचारात चार-चार दिवस दारात उभे राहते. अशा माणसाला डोंगराची हौस आली की तो थेट महाबळेश्वरच्या हॉटेलांचे भाव काढत बसतो. त्याची गरज नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात, शंभरेक किलोमीटरवर, सुमारे दीड हजार फूट उंचीवर जव्हार आहे. सभोवती दऱ्या, दऱ्यांत पाडे आणि मधोमध हे गाव.

प्रवेशासाठी एकच अट आहे. रविवारी मुंबईहून किल्ल्यात आणि किनाऱ्यावर येणाऱ्यांच्या नावाने उमेदवाराने निदान एकदा तरी बोटे मोडलेली असावीत. हा अनुभव पुढे उपयोगी पडतो.

धडा 1 : पोहोचणे

रविवारची पहिली मिस्सा आटोपून निघा. विरार फाट्यावरून महामार्गाने उत्तरेकडे जा, मनोरच्या मस्तान नाक्याला उजवीकडे वळा आणि विक्रमगडमार्गे जव्हार गाठा. विक्रमगडनंतर रस्ता वळू लागतो. इथे गाडी चालवणाऱ्याने दरी पाहायची नसते आणि बाजूला बसलेल्याने ती त्याला दाखवायची नसते. एसटीने जाणाऱ्यांनी खिडकीची जागा धरावी, मात्र पुढच्या सीटवरच्या प्रवाशाला घाट लागतो का, याची आधी चौकशी करावी.

गावात शिरल्यावर नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो : "हिल स्टेशन कुठे आहे?" तो विचारू नये. तुम्ही त्यातच उभे आहात. डेपो, बाजार, सरकारी कचेऱ्या, दाखल्यासाठी आलेली माणसे, शाळेची पोरे, हे सगळे मिळून हिल स्टेशन. जव्हारला बारा महिने तेरा काळ आपली कामे असतात. ते तुमची वाट पाहत थांबलेले नसते, हीच त्याची गंमत आहे.

धडा 2 : नम्र होणे

वसईकराला इतिहासाचा थोडा ताठा असतो. 1739, चिमाजी अप्पा, किल्ला, हे आपण जेवणाच्या ताटावरही सांगतो. जव्हारला ते आवरते घ्यावे. इथल्या मुकणे घराण्याचे राज्य 1343 पासूनचे सांगितले जाते, म्हणजे पोर्तुगीज वसईला पोहोचण्याच्या जवळपास दोनशे वर्षे आधीचे. महादेव कोळी समाजातल्या या घराण्याने मोगल पाहिले, मराठे पाहिले, इंग्रज पाहिले आणि 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत गादी टिकवली. गावाजवळच्या शिरपामाळला 1664 च्या सुरत मोहिमेवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम झाला होता, असे इथे मानतात.

आकडे हवेत? 2011 च्या जनगणनेत जव्हार शहरात बारा हजारांच्या आसपास माणसे होती आणि वसई-विरारमध्ये बारा लाखांवर. पण जव्हारची नगरपरिषद 1918 ची आहे आणि आपली महापालिका 2009 ची. थोरल्यांसमोर कसे वागायचे ते वेगळे शिकवायला नको.

धडा 3 : पॉइंट पाहणे

जव्हारला सनसेट पॉइंट आहे आणि हनुमान पॉइंट आहे. हनुमान पॉइंटवरून खोल दरी दिसते, पलीकडच्या टेकडीवर झाडीतून जयविलास राजवाडा डोके वर काढतो. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांचा हा गुलाबी दगडाचा वाडा. शूटिंगवाल्यांचा लाडका असल्याने तो तुम्हाला आधी कुठेतरी पाहिल्यासारखा वाटेल.

पॉइंटचा पत्ता विचारला की उत्तर येते : "पुढंच आहे." ही जव्हारची अधिकृत लांबी आहे. तिच्यात पाचशे पावलेही बसतात आणि पाच किलोमीटरही. सांगणारा खोटे बोलत नसतो. ज्याची आई पाण्यासाठी उतार उतरून चढते आणि ज्याची शाळा टेकडीपलीकडे असते, त्याला ते पुढंच असते.

सूर्यास्ताला मोबाइल खिशात ठेवा. ढग असतील तर सूर्य दिसणार नाही. त्याबद्दल चहावाल्याला जबाबदार धरू नका.

धडा 4 : धबधबा

पाऊस इथे कोसळतो, सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. दाभोसाचा धबधबा गावापासून वीसेक किलोमीटरवर, सुमारे तीनशे फुटांचा. जुलैत तो पाहिल्यावर बोलायचे काही नसते, आणि आवाजामुळे बोललेले ऐकूही येत नाही.

या धड्यात विनोद इथेच संपतो. काळमांडवीच्या धबधब्यात जुलै 2020 मध्ये पाच तरुण बुडाले. ते बाहेरगावचे हौशी नव्हते, जव्हारचेच होते. ज्यांना ते पाणी लहानपणापासून ठाऊक होते त्यांना ते कळले नाही, तर डबक्यात पोहायला शिकलेल्या आपल्याला ते काय कळणार? बंदीचा फलक असेल तर तो तुमच्यासाठीच आहे. नसेल तरी आहे असे समजा.

धडा 5 : खरेदी

वारली चित्र घ्यायचे असते, हे तुम्हाला ठाऊक असतेच. ते कसे होते तेही थोडे पाहा. कुडाची भिंत शेणाने सारवायची, वर गेरू. तांदूळ वाटून त्याचे पांढरे पाणी करायचे. बांबूच्या काडीचे टोक ठेचून मऊ केले की तीच लेखणी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस उभा राहतो, आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल फिरणाऱ्या नाचात अशी शंभर माणसे एकमेकांच्या कमरेत हात घालून गुंफली जातात. शेवटचा माणूस चुकला तर वेटोळे बिघडते, म्हणून काढणारा घाई करत नाही. लग्नाचा चौक तर विकायचा मालच नव्हे. तो सुवासिनी लग्नघरी लिहितात, त्यात पालघट देवी बसते.

एवढे पाहिल्यावर "शेवटचं कितीला द्याल?" हा प्रश्न घशातच राहिला, तर हा धडा तुम्हाला समजला. मॉलमध्ये कॉफीला दिलेले पैसे आठवा आणि सांगितलेली किंमत द्या.

धडा 6 : हिरवळीच्या पलीकडे

प्रगत विद्यार्थ्यांनी एकदा एप्रिलमध्येही यावे. तेव्हा डोंगर तपकिरी असतात, धबधब्याच्या जागी कोरडा खडक असतो आणि एवढा पाऊस पडलेल्या तालुक्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. खडकाळ उतारावर पाणी थांबत नाही. ते आपल्याकडे येते. वसई-विरारच्या नळांना जे सूर्या प्रकल्पाचे पाणी येते, ते विक्रमगड तालुक्यातल्या धामणी धरणातले, याच डोंगरपट्ट्यात अडवलेले. म्हणजे जव्हारकडचा निसर्ग आपण रोज सकाळी बादलीत घेत असतो.

पाण्यामागोमाग माणसेही उतरतात. भात-नागलीची कापणी आणि दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर येतात. आपल्या सोसायटीच्या भिंतीत त्यांचा घाम आहे. 1992-93 मध्ये याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला जव्हारचा रस्ता सापडला होता. तुम्हाला तो रविवारी सापडला आहे. चहावाल्याने विचारले, "दादा, कुठून आलात?" तर "वसईहून" म्हणा. तो सहज म्हणेल, "वसईला आमचा भाऊ कामाला आहे." गप्पांना इथून सुरुवात होते. "इथली हवा किती छान!" इथून होत नाही.

धडा 7 : काय मागू नये

पनीर टिक्का, वॉटर पार्क, रोपवे. नागलीची भाकर आणि उडदाची आमटी मिळाली तर मुकाट्याने जेवा. "इथे डेव्हलपमेंटला खूप स्कोप आहे," हे वाक्य तर वसईकराने उच्चारूच नये. आपल्या बावखलांचे, केळीच्या वाड्यांचे आणि भातशेतांचे काय झाले, ते स्कोप पाहणाऱ्यांनीच केले. जव्हारकरांना रस्ते, दवाखाना आणि पाणी जरूर हवे. ते त्यांच्या गरजेचे, आपल्या वीकेंडच्या सोयीसाठी नव्हे.

अंतिम परीक्षा (वेळ : परतीच्या प्रवासाइतका)

1. दोन वाक्यांत उत्तर द्या : तुमचा कचरा सध्या कुठे आहे? (10 गुण)
2. जोड्या लावा : दाभोसा, तारपा, मुकणे, जयविलास. 'अ' गट दिला आहे, 'ब' गट गावात विचारून आणा. (20 गुण)
3. कारणे द्या : तीन हजार मिलिमीटर पाऊस, तरीही टँकर. (30 गुण)
4. जव्हारच्या एका माणसाशी दहा मिनिटे बोला. त्यात किंमत, पार्किंग आणि नेटवर्क हे शब्द येऊ देऊ नका. (40 गुण)

उत्तीर्ण होण्यास 35 गुण पुरेत. नापास झालेल्यांची सोय लोणावळ्याला केलेली आहे.