न्हाणीघराचं ऑडिट

मोशी ओलांडून नाशिक रस्त्याने चाकणकडे निघालं की कुरुळी लागते. इथल्या आमच्या सोसायटीत क्वालिटी डिपार्टमेंटची इतकी माणसं राहतात की लिफ्टमध्ये नमस्काराऐवजी रिजेक्शनचे आकडे सांगितले जातात. कंपनीत यंत्राखाली तेलाचा थेंब दिसला तरी लाल टॅग लावणारी ही मंडळी घरी येतात, बाथरूमची कडी आतून लावतात आणि शॉवरच्या दांडीवर ओली जीन्स टांगतात.

ती दांडी म्हणजे अर्ध्या इंची नळी. भिंतीतल्या एल्बोमध्ये चार आट्यांवर आणि टेफ्लॉन टेपच्या भरवशावर तग धरून असलेली. तिच्यावर जीन्स, टॉवेल, शाम्पूच्या बाटल्यांची टोपली असा संसार चढला की आटे ढिले पडतात, पाणी भिंतीच्या आत झिरपायला लागतं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला महाराष्ट्राचा नकाशा उमटतो. काकू रोज त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. गेल्या पावसाळ्यात कोकणपट्टीला पोपडे सुटले, आता विदर्भही ओला आहे.

आमचे चिरंजीव असेंब्ली लाइनवर टॉर्क रेंच चालवतात. ठरलेला जोर लागला की रेंच ‘कट्’ म्हणतो आणि हात थांबतो. घरचा नळ ‘कट्’ म्हणत नाही, त्यामुळे रात्रपाळीहून आलेला हा गडी तो जीव खाऊन आवळतो. जुन्या पद्धतीच्या नळात त्याने आतला वायसर चिरडतो आणि नळ गळतो. गळतो म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी आवळला जातो. वाढत्या जोराने वाढती गळती, असा हा सिद्धांत आहे आणि तो आमच्या घरी सिद्ध झालेला आहे.

त्यात इथलं पाणी. नळाला येतं ते बोअरचं, काळ्या पाषाणातून वर आलेलं. आणि बोअर दमली की टँकरचं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी बोअरचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय; दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. चालवून घेणं आम्हाला जमतं. शॉवरच्या भोकांना ते जमत नाही. क्षार साचून ती एकेक बुजतात, आणि उरलेल्या दोनचार भोकांतून पाणी थेट डोळ्यात येतं. असल्या पाण्यात साबण फेसाळायच्या आधी कॅल्शियमशी सूत जुळवतो. त्यातून जो चिकट, पांढुरका साका तयार होतो तो पाण्यात विरघळत नाही, पाइपाला आतून धरून बसतो. खरं तर एकटादुकटा केस बिचारा वाहून जाईल. हा साका त्याला थांबवतो, पुढच्या केसांशी ओळख करून देतो. मग शाम्पूच्या पाउचचा दाताने फाडून थुंकलेला कोपरा येतो. तो जाळीवर अडला असता, पण ‘पाणी लवकर जातं’ म्हणून जाळी आमच्याकडे कोपऱ्यात उभी करून ठेवलेली असते.

हे सगळं निमूट चाललेलं असताना नरक चतुर्दशी उगवते. आईच्या देखरेखीखाली पहाटेपासून सगळ्यांची अंगं तेलाने माखली जातात, वर उटणं. उटण्यात मुलतानी माती असते आणि माती कुठेही गेली तरी तळाशीच बसते. फ्लॅटला अंगण नाही, म्हणून नरकासुराचा वध म्हणजे कारीट फोडणं बाथरूमच्या उंबऱ्यात होतं. सालं केरात, बिया मोरीत. आईच्या माहेरी न्हाणीचं पाणी परसात अळवाला जायचं. तेल, माती, शिकेकाई, बिया, काहीही पाठवा. अळवाने कधी तक्रार केली नाही, उलट फतफतं छान व्हायचं. अडीच-तीन इंची पाइपाकडूनही तिची तीच अपेक्षा आहे.

यंदा फराळाच्या आधीच घोट्याएवढं पाणी तुंबलं. मी ताबडतोब ‘व्हाय-व्हाय ॲनालिसिस’ला बसलो. टोयोटाची पद्धत आहे : पाच वेळा ‘का’ विचारायचं, माणसावर बोट ठेवायचं नाही, मूळ कारणापर्यंत जायचं. पाणी का तुंबलं? केसांमुळे. केस का? इथे बायकोने माझ्या डोक्याकडे पाहून मला संशयितांतून वगळलं, ते अपमानास्पद होतं. तिसऱ्या ‘का’ला मुलीने आजीच्या उटण्याचं नाव घेतलं, चौथ्याला आईने सुनेच्या कंडिशनरचं. पाचवा ‘का’ विचारायची माझी छाती झाली नाही.

शेजारच्या काकांनी ॲसिड सुचवलं. सोसायटीत कुठल्याही दुखण्यावर त्यांचा हाच काढा असतो. ॲसिडने केसांचं फारसं काही बिघडत नाही. फरशांमधलं सिमेंट खाल्लं जातं, नळाचं क्रोम काळवंडतं आणि त्याआधी कुणी ब्लीचिंग टाकलं असेल तर क्लोरीन वायू निघून घर रिकामं करावं लागतं.

शेवटी प्लंबर आला. ओडिशातल्या केंद्रापाड्याचा. देशभर पाइप जोडणारी माणसं या एकाच जिल्ह्यातून इतकी येतात की तिथल्या पट्टामुंडाईत प्लंबिंगची सरकारी संस्थाच आहे. त्याने नहाणी ट्रॅप उघडला. थोडं पाणी कायम अडवून गटाराचा वास खालीच रोखायची ही युक्ती मुळात लंडनच्या एका घड्याळजीची, अलेक्झांडर कमिंगची. १७७५ साली त्याने वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. कारीट त्याच्या हिशेबात नव्हतं. प्लंबरने स्प्रिंग आत घातली, फिरवली आणि आमच्या कुटुंबाचा एकत्रित ऐवज ओढून बाहेर ठेवला. आई म्हणाली, ‘‘बघा, यात उटणं कुठे दिसतंय?’’

‘‘काकी, नीचे सब मिट्टी है,’’ तो म्हणाला. आईला त्या क्षणापासून हिंदी कळेनाशी झाली.

मी दारावर चेकशीट लावली आहे. जाळी जागेवर, केस उचलून डब्यात, दांडीवर काहीही टांगू नये, नळ बेताने बंद. शेवटचा रकाना ‘जबाबदार व्यक्ती’. आठवडाभर तो कोराच होता. काल पाहिलं तर आईने त्यात सुवाच्य अक्षरात प्लंबरचा फोन नंबर लिहिला होता.